कोल्हापुरातल्या दोन परदेशी शिक्षण कन्सल्टन्सी, आमचा अनुभव

धाकटी बहीण मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, मास्टर्सला बाहेर जायचं म्हणते. त्यासाठी महिन्याभरात दोन ठिकाणी जाऊन आलो. नावं देत नाही, पण उसाच्या बिलाच्या भरवशावर कर्ज काढून पोरं पाठवणारी घरं इकडं लई आहेत म्हणून लिहितोय.

पहिलं ऑफिस राजारामपुरीत, एसी, चकाचक, कौन्सेलिंग फ्री. मॅडमनी मार्कलिस्ट बघायच्या आधीच इंग्लंडची तीन विद्यापीठं पुढं ठेवली, एक वर्षाचा कोर्स, मग दोन वर्षं तिथंच नोकरी, कर्ज तिथल्या तिथं फिटतंय म्हणाल्या. आता ही जाणार सप्टेंबर 2026 ला, कोर्स संपणार 2027 ला, आणि ब्रिटनचा नियम असा झालाय की 1 जानेवारी 2027 पासून ग्रॅज्युएट व्हिसाला (कोर्सनंतर तिथं राहून नोकरी करायची परवानगी) अर्ज केला तर 18 महिनेच मिळणार, पीएचडीवाल्यांना तेवढी तीन वर्षं. म्हणजे हप्त्याच्या हिशोबातनं सहा महिन्यांचा पगार गेला की! विचारलं तर म्हणाल्या, बदलेल ओ परत. तिकडची विद्यापीठं ॲडमिशनमागं एजंटला कमिशन देतात हे नंतर कळलं. कमिशन घ्या, पण तसं सांगा तरी. रेटिंग 1.

दुसरं शाहूपुरीत, एकच खोली, सर एकटेच, फी 1500 रुपये आधी द्यायची. पण दीड तास दिला. कोणत्या देशानं काय कधी बदललं ते वहीत तारखेनिशी लिहून दिलं. कॅनडानं 2024 च्या जानेवारीत स्टडी परमिटवर मर्यादा घातली, नोव्हेंबरात लवकर व्हिसा मिळायची एसडीएस योजनाच बंद केली. ऑस्ट्रेलियाची व्हिसा फी 710 डॉलर होती ती वर्षभरात 1600 आणि मग 2000 झाली. जर्मनीत सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, पण सगळीकडं फुकट असं समजू नका हेही त्यांनीच सांगितलं, स्टुटगार्ट, कार्लस्रूह ज्या राज्यात येतात तिथं आपल्याला सेमिस्टरला 1500 युरो आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही 2024 पासून फी लावलीय. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे जर्मनीला जायच्या आधी वर्षभराच्या राहण्याखर्चाचे पैसे भरून ठेवायच्या खात्याला, 11,904 युरो ऐकून बाबा गप्पच झाले. सरांनी समजावलं की काका, ही फी नव्हे, पैसे तुमच्या पोरीचेच, महिन्याला 992 युरो तिलाच खर्चाला मिळत राहणार. तेव्हा कुठं बाबांनी चहाचा कप उचलला.

आमच्या आधी बसलेल्या पोराला सरांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती दिली, अनुसूचित जातीच्या मुलांना राज्य सरकार देतं ती. त्यात सरांना एक रुपया मिळणार नव्हता. महाराजांनी 1901 पासून ह्या गावात बोर्डिंगं काढली, 1920 ला बाबासाहेबांना लंडनला जायला मदत केली, त्याच गावात कुणी पोरांना अर्धवट सांगून कर्जात घालतंय बघून जीव तुटतो.

रेटिंग 5. फक्त जिना अरुंद आणि चढाचा आहे, वयस्कर माणसाला न्यायचं तर जपून. जर्मनीच्या व्हिसाला लागणाऱ्या एपीएस सर्टिफिकेटचा (आपल्या मार्कलिस्ट-डिग्रीच्या तपासणीचा दाखला) अर्ज कालच भरला, ते आलं की पुढचं इथंच टाकतो.