ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनची डे-बोट : पोरांकडं यूकेला जाणाऱ्या बेळगावकरांनो, ही चुकवू नका

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या कितीतरी घरातली पोरं आता यूकेत हाईत आणि आईबाप गेले की लंडन, बाथ, स्टोनहेंज दाखवून परत पाठवतात, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. बाथजवळच्या या गावात केनेट अँड एव्हन कॅनॉलवर दिवसभरासाठी बोट भाड्यानं मिळते, आपणच चालवायची, लायसन लागत नाही. घरचे सगळे मिळून घेतली, पैसे वसूल.

आपल्याकडं कॅनॉल म्हणजे घटप्रभेचा, उसाला पाणी सोडायचा. हा १८१० ला पूर्ण झाला तो माल वाहायला, सॉमरसेटचा कोळसा यातनंच जायचा, काठची पायवाट बोट ओढणाऱ्या घोड्यांची. मग रेल्वे आली आणि १८५२ ला रेल्वे कंपनीनंच कॅनॉल ताब्यात घेतला, मग काय, धंदा बसला, पुढं कितीतरी भाग पडीक झाला. हौशी लोकांनी पैसे गोळा करून, स्वतः राबून दुरुस्त करत आणला तेव्हा कुठं १९९० ला राणीच्या हस्ते परत सुरू झाला. आपल्या बेळगावच्या किल्ल्याचा खंदकही कुणीतरी असाच नीट करावा असं वाटून गेलं, असो.

लॉकची, म्हणजे दरवाजे उघडून-मिटून पाणी वर-खाली करत बोट चढवायची-उतरवायची भानगड नको असेल तर ब्रॅडफर्डच्या लॉकच्या खालच्या अंगाला मिळणारी बोट घ्या, तिथनं बाथकडं जवळजवळ नऊ मैल एकही लॉक नाही. स्पीड तासाला चार मैल, त्यात काठाला बांधलेल्या बोटींजवळनं अजून हळू, त्यामुळं काठानं कुत्रं फिरवणारी आजी आरामात पुढं जाते. मागचा सुकाणूचा दांडा डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते, म्हणून पहिला अर्धा तास मागनं बाबांचं "काय करूलालास रे!" चालूच.

खरी मजा डंडास ॲक्विडक्टला. जॉन रेनीनं बांधलेला दगडी पूल, पुलावर पाणी, पाण्यात आपली बोट, आणि खाली एव्हन नदी नि रेल्वेचे रूळ! आई वाकून बघत बसली, चहा गार झाला तरी तिला पत्ता नाही. वाटेत ॲव्हनक्लिफचा असाच पूल लागतो, त्याची मधली कमान खचलेलीय, तरी पाणी धरून हाय.

एक स्टार कापला तो बोटवाल्यांच्या घाईसाठी, चालवायचं शिकवताना भराभर बोलून मोकळे, वयस्कर माणसांना काय कळणार त्यातलं. टॉयलेट पण एवढंस्सं. स्वेटर न्या, पाण्यावर गार वारं लागतं. आणि बोट परत दिल्यावर लगेच गाडीत बसू नका, कॅनॉलला लागूनच चौदाव्या शतकातलं धान्याचं दगडी कोठार हाय, टाइद बार्न, आत जाऊन वरचं लाकूडकाम बघा.