टंग-टाय: कात्री की लेझर?

बाळाची टंग-टाय (जिभेखालचा पडदा आखूड किंवा घट्ट असल्याने जीभ नीट न उचलणं) सोडवायचं ठरलंय, पण कात्रीने की लेझरने यावर घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. आमच्या घरी दोन्ही झालं. थोरलीची पेडोडॉन्टिस्टकडे (लहान मुलांचे दंतवैद्य) लेझरने, धाकट्याची पेडियाट्रिक सर्जनकडे (लहान मुलांचे सर्जन) कात्रीने. ही गोष्ट बऱ्याचदा घराण्यात चालते आणि मुलग्यांत जास्त दिसते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला डॉक्टरांच्या आधी आजीनेच जीभ बघितली होती.

सोडवायची की नाही, यावर फार बोलत नाही. फक्त जिभेचं टोक बदामाच्या (पत्त्यातल्या, म्हणजे हार्टच्या) आकाराचं दिसतं म्हणून जाऊ नका. पिताना टकटक आवाज, आईच्या स्तनाग्राला चिरा, बाळाचं वजन अडलेलं, असं काही असेल आणि लॅक्टेशन कन्सल्टंटने (स्तनपानाचं मार्गदर्शन करणाऱ्या तज्ज्ञाने) पाजण्याची पद्धत बदलूनही फरक पडत नसेल, तर पुढचा विचार. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) आईचं दुखणं सुरुवातीला कमी होतं एवढंच ठामपणे निघालं. बाळाचं पिणं हमखास सुधारतं असं नाही. आमच्याकडे प्रश्न दुखण्याचाच होता, म्हणून आम्ही गेलो. ‘पुढे बोबडं बोलेल, ळ यायचा नाही’ ही आजीची धास्ती होती (वेखंड उगाळून झालंच होतं), पण तेवढ्यासाठी तान्ह्या बाळाची जीभ कापू नये, असं दोन्ही डॉक्टरांचं मत पडलं.

आता प्रत्यक्ष काम. लेझरला बाळाच्या डोळ्यांवर इवलासा गॉगल, आपल्यालाही गॉगल, खोलीत केस जळाल्यासारखा किंचित वास. रक्त जवळपास नाहीच. डॉक्टर हळूहळू, बघत बघत पडदा मोकळा करतात, आणि ते बघताना भरवसा वाटतो हे कबूल. कात्रीला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, सिस्टरने डोकं धरलं, मधे खाच असलेल्या चपट्या पट्टीने जीभ वर उचलली. पडदा त्या खाचेत बसतो आणि जिभेखालच्या लाळेच्या नळ्यांची तोंडं बाजूला सुरक्षित राहतात. एक कच्, गॉज दाबला, दोन-चार थेंब रक्त, आणि बाळ आईच्या कुशीत. रडणं म्हणाल तर दोघंही मुख्यतः धरून ठेवल्यामुळेच रडली असावीत. जन्मतः व्हिटॅमिन-के (रक्त गोठायला लागणारं) दिलंय का, हे कात्रीवाल्यांनी आधी विचारलं. तुम्हीही त्याची नोंद असलेलं कार्ड सोबत न्या.

खर्चात लेझर बराच महाग. पण आमचं पारडं फिरलं ते पैशांनी नाही, नंतरच्या कागदाने.

लेझरनंतर हातात व्यायामाचा कागद आला. हात धुऊन बोट जिभेखाली सारायचं, जीभ वर ताणायची, त्या चौकोनी घावावरून बोट फिरवायचं; दिवसा तर खरंच, रात्रीही उठवून, काही आठवडे. नाहीतर घाव पुन्हा चिकटेल म्हणे. दोन-तीन दिवसांतच पोरगी बोट दिसलं की ओठ घट्ट मिटायला लागली. मग छातीशी घेतलं तरी आधी तोंड फिरवायची. ज्या पिण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच बिघडायला लागलं. रात्री दोनला, शांत झोपलेल्या लेकराला उठवून कोणी रडवायचं यावरून नवरा-बायकोत रोज घासाघीस. आजीचं म्हणणं, “झोपलेलं पोर रडवायला उठवणारे तुम्हीच पहिले.” घावावर मध लावायचा तिचा उपाय मात्र आम्ही ऐकला नाही, वर्षाच्या आत मध नको. घावावर येणारा पिवळट-पांढरा थर पू नसतो, बरं होतानाचा असतो, हेही आम्हाला तेव्हा फोन करूनच कळलं.

धाकट्याच्या वेळी सर्जन एवढंच म्हणाले, “पाजा. तोच व्यायाम.” त्याची जीभ पुन्हा चिकटली नाही. अर्थात एका पोरावरून नियम होत नाही. पण अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या (तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना) २०२४ च्या अहवालातही लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही आणि अशा ताणण्याला आधार नाही, असंच म्हटलंय.

हा दोष लेझरचा नव्हे, हेही खरं. कात्री वापरणारे काहीजणही व्यायाम सांगतात, आणि लेझरवाले काहीजण सांगत नसतील. माझ्या पाहण्यात मात्र तो कागद लेझरच्या दवाखान्यातच जास्त भेटतो. तिथेच ‘ओठाचा आणि गालाचाही पडदा एकदमच करून टाकू’ हेही ऐकायला मिळतं. गालाच्या पडद्यावर शस्त्रक्रिया नको, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी २०२० मध्ये आपसांतल्या सहमतीने सांगितलंय. आम्ही ओठाला नाही म्हटलं, गालालाही.

पडदा जाड, मागे दडलेला असेल, किंवा मूल मोठं, समजूतदार आणि खुर्चीत बसणारं असेल, तर लेझरचा विचार जरूर करा. त्या वयात कात्रीसाठी कित्येकदा पूर्ण भूल द्यावी लागते. तसंच ज्या डॉक्टरांचा हात ज्या हत्यारावर बसलाय, तेच त्यांना वापरू द्यावं. पण पातळ पडदा आणि काही आठवड्यांचं बाळ असेल, तर मी पुन्हा कात्रीकडेच जाईन. आणि अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून ठेवा: नंतर व्यायाम आहेत का, किती दिवस, आणि रात्री उठवायचं का.