'इम्पोर्टेड' म्हणून गळ्यात मारलेली ३२ बोरची काडतुसं

घरात वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर असलेल्या परवानाधारकांसाठी हे लिहितोय. बर्मिंगहॅमची जुनी वेब्ली अँड स्कॉट असो, नाहीतर तिच्याच घराण्यातली कानपूरची आयओएफ (सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची), ३२ बोरचं हत्यार घेऊन दुकानात गेलात की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "याला साधी गोळी काय कामाची, मालक?"

मलाही तेच ऐकवलं. वेब्ली वडिलांच्या परवान्यावरून माझ्या नावावर आली. आमची वस्ती गावापासून लांब, द्राक्षबागेत, म्हणून ठेवलीय. वडिलांच्या वेळची काडतुसं काळवंडली होती, ती बदलायची होती. दुकानदाराने पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीचा डबा काउंटरवर ठेवला आणि लगेच बाजूला सारला. आतून दुसरा डबा आणला, वर परदेशी कंपनीचं नाव. आतल्या गोळ्यांच्या टोकाला खड्डा. "ही आत गेली की फुलते. माणूस जागेवर बसतो. हत्यार जुनं आहे ना, मग गोळी तरी दमदार पाहिजे." भाव खडकीच्या तिप्पट. बिल मात्र साध्या काडतुसांचं. "वरचे रोख द्या, कागदावर उगाच भानगड नको." परवान्यावरही '३२ बोर काडतुसे' एवढीच नोंद केली, नगांसकट. ही नोंद आणि हे बिल त्याने का असं केलं, ते पुढे कळलं.

मी घरी न ठेवता आधी रायफल क्लबवर गेलो, कारण संरक्षणासाठी ठेवायचं काडतूस त्याच डब्यातलं चार-सहा उडवून बघितल्याशिवाय ठेवू नये, असं तिथले कोच नेहमी सांगतात. पहिला बार झाला. दुसऱ्याला घोडा पडला आणि नुसता 'टक्' आवाज. पुन्हा टक्. तिसऱ्याला 'फुस्स'. धक्का नाही, टार्गेटवर भोक नाही. मी पुढचं दाबणार एवढ्यात कोच सर ओरडले, "बोट काढा बाहेर!"

गोळी नळीतच अडकली होती. दारू इतकी कमी की शिसं नळीबाहेर पडलंच नाही. त्यामागून पुढची गोळी सुटली असती तर नळी फुगली असती किंवा फाटली असती, आणि हात तिच्या मागेच होता. सरांनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, नळीत थोडं तेल सोडलं आणि पितळी गजाने हलके ठोके देत गोळी मागे काढली.

मग उरलेली काडतुसं उजेडात नीट पाहिली. पितळ चिंचेने घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत, पण बुडाकडे टोपीच्या (जिच्यावर घोडा आपटून ठिणगी पडते तिच्या) कडेने काजळीची बारीक रेघ. म्हणजे एकदा उडालेली पुंगळी, काडतुसाचं रिकामं पितळी कवच, घासून पुन्हा भरलेली. टोप्या एका पातळीत नव्हत्या, बोट फिरवलं की एखादी वर आलेली लागायची. डबा परदेशी आणि बुडावर 'केएफ', म्हणजे पुंगळी आपल्या खडकीचीच! (यात खडकीचा काय दोष? त्यांचा माल एकदा नीट उडून गेलेला.) टोकाचे खड्डे तर हाताच्या ड्रिलने पाडलेले, एकही मधोमध नाही, कडेला शिशाची कूस तशीच. क्लबात छऱ्यांसाठी छोटा डिजिटल काटा आहे, त्यावर एकेक ठेवलं तर एका डब्यातल्या दोन काडतुसांची वजनं जुळेनात.

सरांनी जे समजावलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. समजा माल अस्सल असता, तरी ती 'फुलणारी' गोळी या हत्यारात पैशाची नासाडीच होती. या रिव्हॉल्व्हरचं ३२ बोर म्हणजे ३२ स्मिथ अँड वेसन लाँग, हे १८९६चं काडतूस. ९८ ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण २०० ते २१५ मीटर. खड्ड्याची गोळी फुलायला वेग लागतो, तो इथे नाही. खड्डा कापडाने भरतो आणि गोळी साधीच राहते, नाहीतर थोडी फुलून खोलवर जायच्या आधीच थांबते. सरांच्या मते अशा रिव्हॉल्व्हरला ताजं, कारखान्यातलं, साधं शिशाचं काडतूसच बरं. परदेशात या बोरमध्ये चपट्या तोंडाची गोळी नेमबाजीला वापरतात, तीही या वेगाला चालते. पण सगळ्यात आधी बार झाला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आणि जास्त दमाचं काडतूस घालायचं नाही. गोळ्या भरायला मधून उघडून नळी खाली झुकवावी लागते अशा जुन्या वेब्लीची कडी आणि बिजागरी झिजलेली असते. याच दुकानदाराने दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला "बसतंय ना चेंबरमध्ये, मग चालतं" म्हणून ७.६५ मिलिमीटरचं पिस्तुलाचं काडतूस दिल्याचं नंतर क्लबात कळलं. बसतं खरं. पण त्याच्या दाबाची अमेरिकेतली कमाल मर्यादा २०,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), आणि ३२ लाँगची १५,०००. शंभर वर्षांच्या लोखंडावर हा प्रयोग कशाला?

'इम्पोर्टेड' शब्दाबद्दलही ध्यानात घ्या. परदेशी शस्त्रांची खासगी आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, नामवंत नेमबाजांना तेवढी सवलत आहे. म्हणून साध्या गिऱ्हाइकापुढे असा डबा आला, तर तो जुना साठा तरी असतो, कुणा नेमबाजाच्या कोट्यातून गळलेला तरी, नाहीतर मला मिळाला तसा घरगुती भरलेला. असा माल घेतला तर आपलाच परवाना अडचणीत येऊ शकतो.

डबा घेऊन परत गेलो तर दुकानदार हसला. "बिल वाचा की. मी खडकीचं दिलं, तुम्ही कुठनं काय आणलं मला काय ठाऊक?" त्या रोख पैशांचा आणि अर्धवट बिलाचा उलगडा तिथे झाला. बिलावर कंपनी, लॉट क्रमांक आणि खरी रक्कम नसेल तर माल काउंटरवरच ठेवा. आणि रिकाम्या पुंगळ्या दुकानात टाकून येऊ नका, त्या कुठे जातात ते पाहिलंच.

उरलेली काडतुसं पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली आणि जिल्ह्याच्या शस्त्र शाखेत लेखी तक्रार दिली: क्लबच्या सरांचा जबाब, पुंगळ्यांच्या बुडाचे फोटो, बिल, परवान्यावरची नोंद. दुकानाचं साठा रजिस्टर तपासायला माणसं गेली, एवढंच मला सांगितलं गेलं. त्यानंतर एका ओळखीच्यामार्फत निरोप आला, "डबा बदलून देतो, अर्ज मागे घ्या." बदलून देणार ते काय, हे लेखी द्या म्हटल्यावर पुन्हा फोन नाही. अर्ज अजून मागे घेतलेला नाही.