कॅरॅव्हॅन घेताना आधी दाराखालची जाळी पाहा: प्राडो आणि १९ फुटी कॅरॅव्हॅनचा वापरानंतरचा अनुभव

‘धूळ आत येणे हा वापराचा भाग आहे, दोष नव्हे,’ असे एक वाक्य आमच्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, विक्रेत्याकडून आलेल्या ताज्या पत्रात होते, आणि ते वाचल्यावर इतके महिने लांबणीवर टाकलेला हा अनुभव लिहून काढायला बसलो. मेलबर्नहून ॲडलेड, पोर्ट ऑगस्टा, तिथून स्टुअर्ट हायवेने डार्विन, मग कुनुनुरा, ब्रूम, पर्थ आणि शेवटी नलारबरचे ओसाड मैदान ओलांडून परत, असा आम्हा दोघांचा प्रवास झाला. ओढायला २.८ लिटर डिझेलची, वापरलेली टोयोटा प्राडो १५० होती आणि मागे नवी कोरी, दोन आसांची १९ फुटी कॅरॅव्हॅन. कॅरॅव्हॅन बनवणाऱ्यांचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही.

निवडीबद्दल आधी थोडे सांगतो. ओळखीतल्या बहुतेकांनी आधी गाडी घेतली आणि मग तिला झेपेल अशी कॅरॅव्हॅन शोधली. आम्ही उलट केले. भरलेली कॅरॅव्हॅन किती किलोंची होईल ते आधी ठरवले आणि मगच गाड्यांच्या शोरूमची पायरी चढलो. ‘३५०० किलो ओढते’ या जाहिरातीतल्या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही. इसुझूच्या एमयू-एक्स या गाडीचे उदाहरण घ्या. ती ३५०० किलो ओढते हे खरे, पण गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल वजन, म्हणजे जीसीएम, ५९०० किलो आहे. त्यातून ३५०० वजा केले की गाडीच्या वाट्याला २४०० किलो येतात, आणि रिकाम्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचेच वजन २१०० किलोंच्या वर आहे. उरलेल्या तीनशेहून कमी किलोंत दोन माणसे, टो बार (कॅरॅव्हॅन जोडायचा मागचा दांडा), फ्रीज, अवजारे आणि जास्तीचे पाणी बसवून दाखवावे. गाडी उत्तम आहे, पण तिला तीन टनांच्या अलीकडेच ठेवावे.

प्राडोचा आकडा जाहिरातीत लहान दिसतो, पण हिशेब सरळ आहे. ती ओढते ३००० किलो, स्वतः भरलेली २९९० किलोंपर्यंत चालते, आणि जीसीएम ५९९०, म्हणजे दोन्हींची नेमकी बेरीज. यात कुठेही काटछाट करावी लागत नाही. टोयोटाच्याच लँडक्रुझर ३०० चे ७०० न्यूटन-मीटर ओढशक्तीचे (टॉर्कचे) व्ही-६ इंजिन मला परवडले नसते असे नाही. पण २६०० किलोंची कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी तेवढे पैसे मोजणे माझ्या हाताला जड गेले असते.

कॅरॅव्हॅनच्या पाटीवर रिकामे वजन, म्हणजे टेअर, २०९० किलो आणि भरलेले कमाल वजन, म्हणजे एटीएम, २६०० किलो लिहिलेले आहे. म्हणजे ५१० किलो सामान भरता यावे. परंतु निघण्यापूर्वी वजनकाट्यावर नेली, तेव्हा रिकामी कॅरॅव्हॅन पाटीपेक्षा सुमारे शंभर किलोंनी जड भरली, कारण छत्रीवजा ऑनिंग आणि दुसरी बॅटरी पाटी ठोकल्यानंतर बसवली गेली होती. पाण्याच्या ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की आणखी १९० किलो जातात. हाती उरले दोनशेवीस किलो, आणि त्यात गॅसच्या दोन टाक्यांपासून पत्नीच्या डाळ-तांदळाच्या डब्यांपर्यंत सारे काही. रिकामे वजन स्वतः काट्यावर पाहिल्याखेरीज उरलेले पैसे देऊ नयेत. जोडताना टो बॉलवर, म्हणजे कॅरॅव्हॅन ज्या गोळ्यावर टेकते त्यावर, कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार असावा लागतो. पुढची टाकी रिकामी आणि मागची भरलेली ठेवली की हा भार इतका घटतो की शेजारून ५३ मीटर लांबीची रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, गेली, तर कॅरॅव्हॅनचे मागचे टोक डोलू लागते. हे डार्विनच्या वाटेवर एकदा अनुभवले आणि त्यानंतर पाणी नेहमी पुढच्या टाकीतून सर्वांत शेवटी वापरले.

आता धुळीकडे वळतो. पोर्ट ऑगस्टापासून पुढे डांबरी रस्त्याने येईपर्यंत या कॅरॅव्हॅनला मी पूर्ण गुण दिले असते. पलंग ऐसपैस होता, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज भर उन्हातही दही घट्ट ठेवत होता, आणि शॉवरही विक्रेत्याने सांगितला होता तसाच निघाला. हे मत किंग्ज कॅनियनच्या मेरीनी लूपपर्यंत टिकले. तो रस्ता कच्चा आहे, परवाना काढून जावे लागते, आणि ‘सेमी ऑफ-रोड’ म्हणून विकलेली कॅरॅव्हॅन असल्या रस्त्यासाठीच असते अशी माझी समजूत विक्रेत्यानेच करून दिली होती. मुक्कामी पोहोचून दार उघडले, तर आत लाल भुकटीचा थर. चादरींवर होता, सिंकमध्ये होता, गादीच्या शिवणींत होता. मिसळणाचा डबा उघडला तेव्हा हळदीच्या वाटीवर विटकरी साय जमलेली होती, आणि जिरे-मोहरी धुऊन वापरण्याचा प्रसंग आमच्या संसारात पहिल्यांदा आला.

त्यानंतरच्या मुक्कामांत मी या एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला, आणि पत्नीने त्याची यथास्थित थट्टाही केली. धूळ कशी शिरते हे समजणे कठीण नाही. कॅरॅव्हॅन वेगाने पुढे जाते, तेव्हा तिच्या मागे आणि आत हवेचा दाब कमी होतो, आणि जिथे फट सापडेल तिथून बाहेरची धुळकट हवा आत ओढली जाते. फटी शोधण्यासाठी रात्री आत झगझगीत दिवा लावून दार बंद केले आणि बाहेर जमिनीवर आडवे पडून पाहिले. चाकांच्या कमानीवर वायरिंग जिथे आत जाते तिथल्या भोकातून उजेड येत होता. सिंकच्या नळीभोवती बोटभर फट होती. पुढच्या सामानकप्प्याच्या दाराचे रबर एका कोपऱ्यात टेकतच नव्हते. पण सर्वांत मोठा चौकोन दिसला तो मुख्य दाराच्या तळाशी, हवेसाठी ठेवलेल्या जाळीचा.

ही जाळी कायमची बुजवता येत नाही. गॅसची उपकरणे असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये वर आणि खाली कायमस्वरूपी वायुवीजन ठेवणे ऑस्ट्रेलियाच्या मानकानुसार बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. बंद खोलीत गॅसची शेगडी पेटवून कोणी मरू नये. तक्रार जाळी असल्याची नाही, ती नेमकी कच्च्या रस्त्यावरच्या धुळीच्या पातळीवर, कसलीही गाळणी न लावता बसवल्याची आहे. वायरिंगची भोके आणि नळीची फट मी सीलंटने भरली, आणि गाडी चालू असताना जाळीवर फिल्टरचे कापड टेपने चिकटवून मुक्कामी ते आठवणीने काढू लागलो. छताच्या पुढच्या बाजूला, हवा गाळून आत ढकलणारा व दाब वाढवणारा एक हॅच मिळतो, तो ब्रूममध्ये बसवून घेतला. त्यानंतर धूळ जवळजवळ थांबली. म्हणजे दोष दूर होण्याजोगा होता, कारखान्यातच होण्याजोगा होता, आणि तो खर्च माझ्या खिशातून झाला.

विक्रेत्याशी पत्रव्यवहार तेव्हापासून सुरू आहे. पहिले उत्तर असे आले की पुस्तिकेत ‘सुस्थितीतील कच्चे रस्ते, कमी वेग’ असे लिहिले आहे. मी वेग विचारला, तर आकडा देता आला नाही. ‘सेमी ऑफ-रोड’ या शब्दाला कायद्यात व्याख्या नसल्यामुळे बनवणारे तो आपापल्या सोयीने वापरतात. मात्र कारखान्याच्या वॉरंटीपलीकडे ग्राहक कायद्याची हमी असते आणि ती कोणत्याही करारनाम्याने काढून घेता येत नाही, हे मी दुसऱ्या पत्रात लिहिल्यावर स्वर मऊ झाला. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०२२ मध्ये नव्या कॅरॅव्हॅनच्या विक्रीवर अहवाल काढला होता. त्यांच्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी ८० टक्के लोकांना नव्या कॅरॅव्हॅनमध्ये काही ना काही अडचण आली होती. तो अहवाल सोबत जोडा, उपयोग होतो.

प्राडोबद्दलचे मतही वाटेत बदलले, पण चांगल्या दिशेने. सुरुवातीला तिच्या इंजिनाचे ५०० न्यूटन-मीटर चढावर कमी पडतील अशी धाकधूक होती. तसा चढ या वाटेवर फारसा आलाच नाही. कसोटी लागली ती वाऱ्याने. एरवी शंभर किलोमीटरला सोळा-सतरा लिटर डिझेल लागत होते, ते नलारबरवर समोरच्या वाऱ्यात बावीसच्या पुढे गेले. बॅलाडोनिया ते कैगुना या १४६.६ किलोमीटरच्या सरळसोट रस्त्यावर इंजिनापेक्षा डिझेलच्या काट्याकडेच माझे लक्ष होते. दोन टाक्या मिळून १५० लिटर ही प्राडोची जुनी सोय मी गाडी घेताना मनावरही घेतली नव्हती; आज ती मला तिच्या सर्व गुणांत वरची वाटते. महाग पंप वगळून पुढच्या गावी भरण्याची मुभा तिने दिली, आणि काटकसर करणाऱ्याला यापरते सुख नाही. वेग ताशी नव्वदच्या खाली ठेवला की वाऱ्यातही दोन-तीन लिटर वाचतात.

गाडीला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो कॅरॅव्हॅनच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकचा नियंत्रक वेगळा घ्यावा लागतो म्हणून. कॅरॅव्हॅनला तीन, जाळीला गाळणी असती तर चार दिले असते. दाराचे आणि पुढच्या कप्प्याचे रबर विक्रेत्याने फुकट बदलून दिले आहे. छतावरच्या हॅचच्या पैशांचे बिल मात्र मी तिसऱ्या पत्रासोबत पाठवले आहे, आणि उत्तर आले नाही तर राज्याच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.