युरेल पास: मुलांना घेऊन बर्लिन ते मिलान ट्रेनने, पास घ्यावा की सुटी तिकिटं?

मे महिन्याच्या सुट्टीचं प्लॅनिंग सुरू झालं की ऑफिसमधले, सोसायटीतले, नात्यातले सगळे एकच विचारतात, तो युरेल पास घेतला होतात ना, परवडला का? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. उत्तर आधीच सांगते. जर्मनी, चेक, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या पट्ट्यात फिरणार असाल आणि बरोबर बारा वर्षांच्या आतली मुलं असतील तर डोळे झाकून घ्या. पॅरिस, रोम, बार्सिलोना असा बेत असेल तर मात्र आधी कागद-पेन घेऊन बसा, कारण तिकडे पास हातात असूनही जवळजवळ प्रत्येक फास्ट गाडीला वरून रिझर्व्हेशनचे पैसे भरावे लागतात.

आधी पास म्हणजे काय ते. युरेल १९५९ पासून आहे, युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी. युरोपात राहणाऱ्यांसाठी वेगळा, त्याचं नाव इंटररेल, तो १९७२ चा. दोन्ही पास आज ३३ देशांत चालतात. तुम्ही राहता कुठे यावर कुठला पास ते ठरतं, पासपोर्ट भारतीय असला तरी. माझी मावसबहीण बर्लिनला नोकरीला आहे, तिला इंटररेल घ्यावा लागतो आणि त्यात एक गोम आहे, स्वतःच्या राहत्या देशात तो फक्त एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला वापरता येतो, म्हणजे ती त्या पासवर जर्मनीभर हिंडू शकत नाही. आपल्याला इकडून जाणाऱ्यांना ही अट नाही. आमची ट्रिप तिच्या घरापासूनच सुरू होणार होती, त्यामुळे बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, झुरिक आणि तिथून आल्प्स ओलांडून मिलान असा रूट ठरला, परतीचं विमान मिलानहून. एकाच शहरातून जाऊन-येऊन करण्यापेक्षा हे खूप बरं पडतं, परत उलटं यायला एक अख्खा दिवस आणि चौघांचं भाडं जात नाही.

पास घेतला तो ग्लोबल पास, एका महिन्यात कुठलेही पाच दिवस, सेकंड क्लास. म्हणजे महिन्याभरात तुम्ही निवडाल ते पाच दिवस, रात्री बारा ते रात्री बारा, त्या दिवसात कितीही गाड्या बदला. मधले मुक्कामाचे दिवस मोजले जात नाहीत. मोठ्या माणसाला तो तीनशे युरोच्या थोडा वर पडतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना मात्र पास फुकट, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं, फक्त त्यांचा पास तुमच्या पासबरोबरच बुक करायचा. चार वर्षांच्या आतल्यांना पास लागतच नाही. आमची दोन्ही मुलं अकराच्या आतली, त्यामुळे चौघांचा प्रवास दोघांच्या पैशात झाला आणि सगळं गणित इथेच फिरलं. २७ पर्यंतच्यांना स्वस्त यूथ पास आहे, साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट आहे.

आता सुट्या तिकिटांशी तुलना कराच, मीही केली. प्राग ते व्हिएन्ना तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर वीस-पंचवीस युरोतही मिळतं. असे सगळे टप्पे लवकर बुक केले आणि एकटेच किंवा दोघेच असाल तर सुटी तिकिटं पासपेक्षा स्वस्त पडतील, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण ती तिकिटं त्या एका गाडीला बांधलेली असतात, गाडी चुकली तर तिकीट गेलं. आणि स्वित्झर्लंड आलं की चित्र बदलतं. झुरिक ते तिरानो, म्हणजे आल्प्स ओलांडणाऱ्या बर्निना लाइनने इटलीच्या हद्दीपर्यंत, पूर्ण भाडं माणशी शंभर फ्रँकच्या आसपास जातं. पासातला महागडा दिवस अशा टप्प्यावर खर्च करायचा, हे लक्षात ठेवा. साल्झबर्ग ते म्युनिक दीड-पावणेदोन तासांचा प्रवास आहे, असल्या छोट्या हॉपवर पासाचा दिवस घालवू नका, तिथे लोकल तिकीट काढा.

रिझर्व्हेशनचं नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त लोक इथेच वैतागतात. पास म्हणजे भाडं भरलेलं आहे, सीट मिळालेली नाही. फ्रान्सच्या आतल्या टीजीव्ही या फास्ट गाडीला दहा ते वीस युरो, इटलीच्या तशाच फ्रेच्चारोसाला तेरा युरोच्या आसपास, लंडन-पॅरिस युरोस्टारला त्याहूनही जास्त, आणि तिथे पासवाल्यांसाठी सीट मर्यादित असतात, उन्हाळ्यात संपून जातात. मुलांचा पास फुकट असला तरी रिझर्व्हेशन फुकट नाही, म्हणजे चौघांचे चार. असे चार टप्पे झाले की वरखर्च कुठे जातो बघा. उलट जर्मनीतल्या आयसीई, ऑस्ट्रियाच्या रेलजेट, स्वित्झर्लंडच्या आयसी, बहुतेक चेक गाड्या, यांना देशांतर्गत रिझर्व्हेशन सक्तीचं नाही, सरळ चढा आणि रिकामी सीट बघून बसा. सीटच्या वर किंवा बाजूला डिस्प्ले असतो, त्यावर दोन स्टेशनांची नावं असतील तर त्या टप्प्यापुरती ती सीट कुणाची तरी आहे. तरीसुद्धा मी म्हणेन, मुलं बरोबर असतील आणि शुक्रवार-शनिवार असेल तर लांबच्या टप्प्याला थोडे युरो टाकून चार सीट एकत्र घ्याच, टेबलवाल्या. रात्रीच्या नाइटजेटला रिझर्व्हेशन लागतंच, आणि त्याचे पैसे वेगळे आणि बरेच.

पास मोबाइलवर येतो, रेल प्लॅनर नावाच्या ॲपमध्ये. खरेदीनंतर अकरा महिन्यांत कधीही सुरू करता येतो. रोजचं काम एवढंच, गाडी शोधायची, माय ट्रिपमध्ये टाकायची, पासला जोडायची आणि मग त्या दिवसाचा क्यूआर कोड उघडायचा. हे गाडीत चढायच्या आधी करायचं, टीसी समोर उभा राहिल्यावर नाही. पासपोर्ट जवळ ठेवायचा, तो विचारू शकतात. आमच्या अनुभवात टीसी येतो, स्कॅन करतो, मुलांकडे बघून हसतो आणि पुढे जातो, दहा सेकंदांचं काम. एक मात्र करा, या ॲपमधलं वेळापत्रक ऑफलाइन चालतं, त्यामुळे आजची गाडी किती लेट आहे आणि प्लॅटफॉर्म बदललाय का ते त्या त्या देशाच्या ॲपवर बघा, जर्मनीत डीबी नॅव्हिगेटर, ऑस्ट्रियात ओबीबी, स्वित्झर्लंडमध्ये एसबीबी. तिन्ही फुकट आहेत आणि इंग्रजीत चालतात.

पासाची खरी किंमत मला कळली ती गाडी रद्द झाली तेव्हा. कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही, एका टप्प्यावर स्टेशनला पोचलो आणि बोर्डवर आमच्या गाडीपुढे रद्द लिहिलेलं. शेजारी एक कुटुंब होतं त्यांची सुटी तिकिटं होती, काउंटरच्या रांगेत जाऊन विचारावं लागलं की आता कुठली गाडी चालेल, आम्ही ॲपमध्ये जुनी गाडी काढली, तासाभराने दुसऱ्या रूटने जाणारी टाकली, क्यूआर बदलला, झालं. गाडी रद्द झाली तर सुट्या तिकिटवाल्यांनाही दुसऱ्या गाडीने पाठवणं युरोपच्या नियमाने कंपनीला बंधनकारक आहे, म्हणजे त्यांचे पैसे बुडत नाहीत, पण दमलेली मुलं आणि बॅगा घेऊन रांगेत उभं राहणं आणि न राहणं यात फार फरक आहे. जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर होत्या, तेव्हा जर्मनीतून जाणार असाल तर ही सोय धरूनच चाला आणि कनेक्शनला दहा मिनिटं ठेवू नका, किमान अर्धा-पाऊण तास ठेवा.

रूटबद्दल थोडं, कारण पास शेवटी यासाठीच घ्यायचा. बर्लिन-प्राग साधारण चार-साडेचार तास. ड्रेस्डेन सुटल्यावर गाडी एल्ब नदीच्या अगदी काठाने जाते, सॅक्सन स्वित्झर्लंडचे (नाव तसं असलं तरी हा भाग जर्मनीतलाच) उभे दगडी सुळके नदीपलीकडे दिसतात, त्यासाठी बर्लिनहून जाताना डाव्या बाजूला बसा. आणि चेक रेल्वेची डायनिंग कार असलेली गाडी मिळाली तर त्यात जाऊन बसाच. खरी काचेची ग्लासं, खऱ्या प्लेट, गरम सूप, आणि दर विमानातल्यासारखे नाहीत. शाकाहारींना चीज, सूप, बटाटा एवढ्यावर भागवावं लागतं, आमच्याकडे थेपले होतेच. बाहेरचं खाणं गाडीत नेलेलं कुणालाही खटकत नाही, सगळेच डबे काढून बसतात.

साल्झबर्ग-झुरिक हा साडेपाच तासांच्या आसपासचा रेलजेटचा टप्पा, इन्सब्रुकवरून, आर्लबर्गच्या बोगद्यातून. बोगदा १८८४ चा, दहा किलोमीटरच्या वर. स्विस हद्दीवर बुक्सला गाडीची दिशा उलटी होते, घाबरू नका, गाडी परत चालली नाहीये. पुढे वालेनसी तलाव लागतो, तेव्हा खिडकी धरा.

पण सगळ्यात वरचा दिवस शेवटचा, झुरिक, कूर, सेंट मॉरिट्झ, तिरानो, मिलान. इथे बहुतेक टूरवाले तुम्हाला बर्निना एक्सप्रेसची पॅनोरमा गाडी विकतात, तिला पास चालतो पण सीटचं रिझर्व्हेशन सक्तीचं आणि महाग. त्याच रुळावरून रेटियन रेल्वेची साधी गाडी जाते, पासवर एक पैसा जास्त न देता, रिझर्व्हेशन नको, मधे वाटेल तिथे उतरा आणि पुढची गाडी पकडा. शिवाय साध्या गाडीच्या काही डब्यांच्या खिडक्या खाली होतात, पॅनोरमाच्या काचा बंद असतात, फोटोत प्रतिबिंब येतं. लाइन २२५३ मीटरवर ओस्पित्झिओ बर्निनाला पोचते आणि तिरानोला ४२९ मीटरवर उतरते, तेही दातेरी रूळ न वापरता, नुसती वळणं घेत घेत. आल्प ग्रुमला आम्ही मुद्दाम उतरलो. समोर पालू हिमनदी, मे संपत आला तरी प्लॅटफॉर्मच्या कडेला बर्फाचे ढीग, धाकट्याने तो हातात घेऊन पुढच्या गाडीपर्यंत सोडला नाही. ब्रूझिओला गोल दगडी पूल आहे, गाडी त्यावरून पूर्ण वेटोळं घेऊन स्वतःच्याच रुळाखालून बाहेर पडते, मागच्या डब्यात बसलात तर पुढचे लाल डबे कमानीखालून जाताना दिसतात. २००८ पासून ही लाइन युनेस्कोच्या यादीत आहे. तिरानोला गाडी चक्क रस्त्यावरून जाते, शेजारी मोटारी. तिथून मिलानची लोकल अडीच तास, बराच वेळ कोमो तलावाच्या काठाने, तीही पासवर. सकाळी लवकर निघा म्हणजे पळापळ होत नाही.

पासात काय नाही ते पण ऐका. व्हिएन्नाची मेट्रो, प्रागच्या ट्राम, यांना वेगळं तिकीट. जर्मनीत डीबीची, म्हणजे जर्मन रेल्वेची, एस-बान ही शहरातली लोकल पासवर चालते, पण ज्या दिवशी पासाचा दिवस चालू आहे त्याच दिवशी. युंगफ्राऊच्या डोंगरी गाडीला पूर्ण पास चालत नाही, फक्त सवलत मिळते. फक्त स्वित्झर्लंडच करणार असाल तर युरेल घेऊच नका, स्विस ट्रॅव्हल पास घ्या, त्यात बोटी, ट्राम, म्युझियम येतात आणि आईवडिलांबरोबर सोळाच्या आतली मुलं फॅमिली कार्डावर फुकट.

सामान कमी न्या, कळकळीने सांगते. हमाल नाहीत, बदलीच्या स्टेशनात कधी सात-आठ मिनिटंच असतात, लिफ्ट शोधेपर्यंत गाडी सुटते. माणशी एक केबिन बॅग आणि पाठीवर सॅक, बस. आणि रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनातली मात्र उघडी, तेव्हा दूध-ब्रेड-फळं तिथूनच घ्या.

क्रम असा ठेवा: आधी रूट, मग हॉटेलं, मग शेंगेन व्हिसा, आणि पास सगळ्यात शेवटी. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे मागायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच बघा. फी मोठ्यांना ९० युरो, विमा किमान तीस हजार युरोचा. पासवर अधूनमधून सेल असतो, पण सुरू न केलेला साधा पास थोडे पैसे कापून परत घेतात, सेलमधल्याला ही सोय मिळेलच असं नाही, म्हणून व्हिसा हातात नसताना सेलच्या मोहात पडू नका.