बी की टी? लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातले दोन प्रकार

रिपोर्टवर 'एएलएल' (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग) एवढंच वाचून घाबरू नका. पुढचं अक्षर बघा. मुलांमधले साधारण ८५ टक्के एएलएल बी-पेशींचे असतात, उरलेले बहुतेक टी-पेशींचे (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशींचेच प्रकार).

बी प्रकारात पेशीचे गुणसूत्र बरंच काही सांगून जातात. नेहमीच्या ४६ ऐवजी ५० च्या वर भरले, तर चक्क चांगली बातमी! फिलाडेल्फिया गुणसूत्र (दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेलं) निघालं की पूर्वी डॉक्टरांचा चेहरा उतरायचा. इमॅटिनिबच्या गोळीने ते चित्र बरंच पालटलं. वय १ ते ९ आणि रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे पांढऱ्या पेशी ५०,००० च्या आत, हेही बाजूने धरतात.

टी प्रकार बहुधा थोड्या मोठ्या मुलग्यांत. छातीच्या एक्स-रेत मधोमध रुंद सावली, पोराला आडवं झालं की धाप. पूर्वी याचे निकाल वाईट असत. कडक उपचारांनी आता तो बीच्या जवळपास पोचलाय. खरी अडचण आजार उलटला तर: बीसाठी ब्लिनाटुमोमॅब हे औषध आहे, टीवर ते चालत नाही.

माझ्या मते मात्र दोन्हींत पहिल्या महिन्यानंतरची एमआरडी तपासणी (उपचारांनंतर उरलेल्या रोगट पेशी शोधणारी) जास्त बोलकी. दहा हजारांत एकही रोगट पेशी सापडली नाही, तर मोकळा श्वास घ्यावा.