पाईकच्या मागावर: रेडिओ की ध्वनी?

उत्तर अमेरिकेत पाईक, वॉलाय असे शिकारी मासे कुठे फिरतात हे शोधायचे दोन मुख्य मार्ग आहेत: रेडिओ-लहरी सोडणारा टॅग किंवा पाण्यात आवाज करणारा ध्वनीचा टॅग. दोन्हींत माशाला भूल देऊन पोटात हा टॅग, म्हणजे छोटा ट्रान्समीटर, बसवतात. टॅगच्या वजनाचा जुना दंडक माशाच्या वजनाच्या दोन टक्क्यांचा, म्हणजे दोन किलोच्या माशाला चाळीस ग्रॅम.

रेडिओ टॅगची बारीक तार पोटातून बाहेर लोंबते. तिचा संदेश पाण्याबाहेर हवेतही येतो, म्हणून काठावरून, होडीतून, अगदी विमानातूनही अँटेना फिरवत मासा गाठता येतो. हिवाळ्यात बर्फावर उभं राहून खालचा पाईक शोधायचा तर हाच उपाय. ध्वनीवाल्यांना आधी भोक पाडावं लागतं! पण मासा खोल गेला किंवा पाण्यात क्षार जास्त असले, की रेडिओ मुका.

ध्वनीच्या टॅगला तार नसते. बहुतेक टॅग ६९ किलोहर्ट्झवर टिकटिकतात आणि पाण्यात बुडवलेला रिसीव्हर महिनोन्‌महिने ते नोंदवत राहतो. इरी सरोवरातल्या वॉलायचे लांबचे प्रवास असेच कळले. मात्र खळखळत्या पाण्यात बुडबुडेच आवाज गिळतात.

उथळ, धावत्या नदीसाठी मी तरी डोळे मिटून रेडिओच घेईन.